सतरा नंबरचा तुकडा

माझं काम नेमकं काय आहे हे गावात मला आजवर कुणाला नीट सांगता आलेलं नाही. "कंपूटरमधी हाय" एवढ्यावर विषय मिटतो. मोबाइलवर आणि वेबवर आवाज, व्हिडिओ वाजवणारं सॉफ्टवेअर असतं, त्याची मी निगा राखते. कुठल्या फोनवर ते सुरळीत चालतं, कुठल्यावर अडखळतं, कुठल्या ब्राउझरच्या नव्या नियमामुळे कालपर्यंत वाजणारं आज मुकं झालं, हे शोधायचं. आणि अधूनमधून एक यादी करायची: हे फोन फार जुने झाले, यांना इथून पुढे सपोर्ट नाही. ती यादी करताना माझं मन कधी जड झालं नाही. जुनं धरून बसणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून वैताग आहे.

शिकले अवसरीच्या कॉलेजात, नोकरी पुण्यात, आणि घर निमगाव सावाला. घरी आई आणि वडील. वडिलांना आम्ही आण्णा म्हणायचो. घरापासून उसातून दहा मिनिटं चाललं की आमची विहीर आणि तिच्या काठावर मोटारीची खोली. खोली म्हणजे चार भिंती, पत्रा आणि लोखंडी दार.

आमच्या भागात दिवस मावळायला लागला की शेतात माणसाचा आवाज राहिला पाहिजे, असा आता रिवाजच पडलाय. ऊस उंच झाला की त्यात बिबट्या राहतो. तो दिसतो कमी, असतो मात्र कायम. म्हणून कुणी मोटारीच्या खोलीत रेडिओ लावून ठेवतं, कुणी स्पीकरवर भजनं, तर एकाने हिंदी मालिकेतली सासू-सुनेची भांडणं लावली होती. वाटेने जाताना घुंगराची काठी आपटत, मोठ्याने बोलत जायचं. एकटं असलं तरी बोलत जायचं.

आण्णांचा रेडिओवर विश्वास नव्हता. "गान्याला त्यो सरावतो," ते म्हणाले. "त्याला मानूस हाय आसं वाटाया पायजे. तुझ्या त्या कंपूटरला इच्यार काय व्हतंय का."

कामाच्या बाबतीत कुणी डिवचलं की मला राहवत नाही. एका हिवाळ्यात मी आण्णांच्या खिशात दिवसभर रेकॉर्डर ठेवला. ते उसात दारं धरत होते, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवत होते. तासाभरात खिशात काही आहे हेच विसरले. खोकले, मोटारीवर खेकसले, कुत्र्याला समजावलं, बांधापलीकडच्या चुलत्यांना हाका मारल्या. सॉफ्टवेअरने जिथे जिथे शांतता तिथे तिथे कापून त्या दिवसाचे दोनशे बारा तुकडे केले. मी त्यातले आठ-दहा ऐकले, आवाज स्वच्छ आहे एवढं पाहिलं आणि पुढे गेले.

मग एक वेबपान बनवलं. रोज संध्याकाळी सहाला ते आपोआप सुरू व्हायचं आणि कुठलाही तुकडा, कितीही वेळाने, उलटसुलट वाजवायचं. त्याच्यासाठी जुन्नरच्या पेठेतून एक जुना फोन आणला. तिथे फोन दुरुस्त करणारे एक चाचा आहेत, माझ्या ऑफिसलाही जुने फोन तेच पुरवतात. फोन मोटारीच्या खोलीत स्पीकरला जोडून ठेवला, चार्जिंगला पत्र्यावर सोलरची छोटी पाटी. पान रोज मला एक अहवाल पाठवायचं: किती वाजता सुरू झालं, कुठला तुकडा वाजला, कुठे अडलं, काचेला स्पर्श झाला का. ऑफिसात आम्ही हेच करतो, त्यामुळे सवयीने घातलं.

पहिल्या संध्याकाळी आण्णा अंगणात चहा पीत बसले आणि तिकडे उसातून आण्णाच ओरडले. ते कितीतरी वेळ ऐकत राहिले. "त्या गड्याला म्हनावं जरा दमानं," शेवटी म्हणाले, "घसा बसंल." आई हसली. मला मात्र मानेवरून कुणीतरी गार बोट फिरवल्यासारखं झालं, आणि आपणच केलेल्या गोष्टीला आपण घाबरतो म्हणून मी स्वतःवर चिडले.

पुढच्या वर्षी ऊस डोक्याच्या वर गेला आणि आण्णा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

तिसऱ्या दिवशी सावडून आल्यावर अंगणात माणसं बसली होती. कुणी फारसं बोलत नव्हतं. सहा वाजले आणि उसातून हाक आली, "आरं कोन हाय रं तिकडं?"

फोन बंद करायचा राहून गेला होता. अंगणातली सगळी माणसं एकाच दिशेला वळली. पावण्यांमधल्या एका म्हाताऱ्याने सवयीने "आमीच हाय" असं उत्तर दिलं आणि मग हातातल्या कपाकडे बघत बसला. उसातून खोकल्याचा आवाज आला, तो थांबला, मग मोटारीला एक शिवी. हसावं की काय करावं हे कुणाला कळेना.

मी चप्पल घालून निघाले तेव्हा चुलत्यांनी अडवलं. "राहू दे. बिबट्याला कुटं ठावं." मी आईकडे पाहिलं. ती पदर डोक्यावर घट्ट धरून खाली बघत होती. हो म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. मग ते तसंच राहिलं. रोज संध्याकाळी आण्णा उसात बोलायचे आणि घराघरातली माणसं ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

दोनेक महिन्यांनी चुलत्यांचा पुण्याला फोन आला. "आण्णा आडखळाय लागल्यात गं," ते म्हणाले. मला क्षणभर काही समजलं नाही. त्यांनी फोन बाहेर धरला आणि लांबून ऐकू आलं: को, को, को, को. 'कोन' हा शब्द पुरा होत नव्हता. "बायामानसं भ्याय लागल्यात," चुलते म्हणाले. "तू काय तरी कर, न्हाईतर बंद कर."

कारण ओळखीचं होतं. पान दिवसेंदिवस उघडं राहिलं की जुन्या फोनची मेमरी भरत जाते आणि आवाज एका जागी अडकतो. उपायही ठरलेला. रोज पहाटे पान आपोआप बंद होऊन नव्याने उघडेल अशी सोय करायची. तसाच एक फोन माझ्या टेबलावर होता. त्यावर आठवडाभर चालवून पाहिलं. सुरेख चाललं. पुण्यात बसूनच मी नवं पान चढवलं आणि मोकळी झाले. अडखळणं थांबलं. चुलते म्हणाले, "आता ब्येस बोलत्यात."

त्यानंतर अहवालात दोन गोष्टी बदलल्या. आवाज ठीक सहाला सुरू होईना. पहिल्या दिवशी जवळजवळ साडेसहा, मग सहा सात, सहा अकरा, सहा चार. फोनचं घड्याळ सरकलं असेल म्हणून मी सोडून दिलं. आणि स्पर्शाचा रकाना, जो वर्षभर रिकामा होता, तो रोज भरायला लागला. कधी तीस स्पर्श, कधी नव्वद, एकदा तर दीडशे.

आईला फोनवर विचारलं, मोटारीच्या खोलीकडे कोण जातं का संध्याकाळचं. "कोन जाईल त्या टायमाला," ती म्हणाली. चुलत्यांना विचारलं. त्यांनी सांगितलं की दाराला कुलूप आहे, चावी तुमच्याच घरात खिळ्याला असते, आणि दिवस कलला की मी स्वतः बांधावरसुद्धा उभा राहत नाही.

जुन्या फोनची काच दमट हवेत बिघडते. कुणी हात न लावताही फोनला वाटतं की हात लागला. याला आम्ही खोटा स्पर्श म्हणतो. मी पानात एक ओळ टाकली, की संध्याकाळी सहानंतरचे सगळे स्पर्श खोटे धरावेत. अहवाल नीटनेटका झाला. एकेचाळीस दिवस तो तसाच येत राहिला, प्रत्येक स्पर्शापुढे 'खोटा' असा शिक्का घेऊन.

पण मला चैन पडेना. एका दुपारी जेवणाच्या सुटीत मी ते एकेचाळीस अहवाल एकाखाली एक लावून पाहिले. रोज पहिला स्पर्श झाला की आवाज सुरू व्हायचा. मग तपासणीसाठी मी पानावर ठेवलेल्या 'पुढचं' या बटणावर एकामागून एक स्पर्श, तुकडे अर्धवट टाकून पुढे, पुढे, पुढे. आणि सतरा नंबरचा तुकडा आला की थांबायचे. त्यानंतर त्या दिवशी एकही स्पर्श नाही. एकेचाळीसच्या एकेचाळीस दिवस. भर दुपारी, शंभर माणसांच्या कॅन्टीनमध्ये, मी डबा तसाच झाकून ठेवला.

भीती वाटली की मी कुणाला तरी रागावते. मी चाचांना फोन लावला आणि खराब काच गळ्यात मारली म्हणून बोलायला सुरुवात केली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बेटी, ती काच मी सोता बसवली," ते म्हणाले. "काच खराब आसती तर कुटंबी दाबली आसती. वर, खाली, कोपऱ्यात. तू म्हनतीस रोज एकाच जागी दाबती, आन् काम झालं की थांबती. ह्ये काचेचं काम न्हाई. मानसाचं हाय."

फोन ठेवला आणि मी तो सतरा नंबरचा तुकडा पहिल्यांदा ऐकला. आधी पाण्याचा आवाज, खोऱ्याचा एक ठोका. मग आण्णा, लांब कुणालातरी ऐकू जावं अशा आवाजात: "आगं, च्या ठिव. आलोच."

एवढंच.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि तो पडायला नको होता. ब्राउझरचा एक नियम आहे. पान नव्याने उघडलं की माणसाचं बोट लागेपर्यंत त्याने आवाज करायचा नाही. जाहिराती अचानक ओरडू नयेत म्हणून तो केलाय. हा नियम मी ऑफिसात नव्या लोकांना शिकवते. पूर्वी पान एकदाच उघडलं होतं, तेव्हा माझं बोट लागलं होतं, ते वर्षभर पुरलं. आता मी ते रोज पहाटे नव्याने उघडत होते. टेबलावरच्या फोनला मी दिवसातून दहादा हात लावायचे, म्हणून तो वाजत होता. शेतातला फोन माझ्या दुरुस्तीनंतर रोज संध्याकाळी मुका राहत होता, आणि रोज संध्याकाळी उसातून दहा मिनिटं चालत जाऊन कुणीतरी त्याला बोट लावत होतं. चावी आमच्या घरात होती. घरात एकच माणूस होतं.

आईला फोन लावणार तोच चुलत्यांचा फोन आला. विहिरीच्या वाटेवर सकाळी ताजे ठसे दिसले होते. "मोठा हाय," ते म्हणाले. "आन् बरोबर बारका बी. वैनीला म्हनावं, ढोरं लवकर बांध."

मी साहेबांना निरोप टाकला आणि गाडी काढली. वाटेत पाच वेळा आईला फोन लावला. ती उचलत नव्हती. नारायणगाव मागे पडलं तेव्हा साडेपाच झाले होते. मी स्वतःला शिव्या देत होते, अगदी मोठ्याने. एका माणसाच्या बोटाला मी खोटं ठरवलं होतं, आणि ते बोट माझ्या आईचं होतं.

घरात कुणी नव्हतं. ढोरं बांधलेली. फोन कपाटावर पडलेला. दाराआडच्या खिळ्यावर चावी नव्हती आणि कोपऱ्यात घुंगराची काठी नव्हती.

मी विहिरीच्या वाटेला लागले. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये बैलगाडीपुरती वाट. उजेड अजून होता, पण उसाच्या आत तो शिरत नव्हता. दुपारी कुणीतरी पाणी सोडलं असावं, वाट ओली होती आणि तिच्यावर आईच्या चपलेचे ठसे उमटले होते. टाचेकडची झिजलेली बाजू मला ओळखता येते. मी ठशांवर नजर ठेवून चालत होते. पन्नास पावलांवर एका ठशाची टाच मोडलेली होती, आणि तिच्यावर पंजा होता. गोल, चार बोटांचा, कडा अजून न वाळलेला. म्हणजे आई आधी गेली होती आणि तो नंतर.

आवाज करत चालायचं असतं हे मला ठाऊक होतं. तोंडातून आवाज निघाला नाही. उजवीकडे उसाची पानं हलली. वारा नव्हता. मी उभी राहिले, आणि हलणंही थांबलं. मी एक पाऊल टाकलं, पानं पुन्हा हलली. कुणीतरी माझ्याबरोबर चालत होतं, नाहीतर मलाच तसं वाटत होतं. आजही मला त्यातलं नक्की काय ते सांगता येणार नाही.

तेवढ्यात पुढून आण्णा खोकले. मग अर्धीच हाक. मग कुत्र्याला अर्धाच शब्द. मग मोटारीवर खेकसण्याची नुसती सुरुवात. एकामागून एक, तोडून तोडून, घाईघाईने, दिवसभराचा माणूस कुणीतरी पानांसारखा उलटत होतं. उजवीकडचा ऊस एकदा जोरात सळसळला आणि तो आवाज लांब, कालव्याच्या बाजूला गेला. मी पळत सुटले.

खोलीचं दार उघडं होतं. आई दाराकडे पाठ करून उभी होती, काठी काखेत, उजव्या हाताचं एक बोट काचेवर. मी हाक मारायच्या आत पाण्याचा आवाज झाला, खोऱ्याचा ठोका पडला.

"आगं, च्या ठिव. आलोच."

"ठिवते," आई म्हणाली. बोट काचेवरून काढलं, पदराला पुसलं आणि वळली. मला बघून ती दचकली नाही. "तू कवा आलीस?" एवढंच विचारलं.

परतताना मी तिचा हात सोडला नाही. त्या वाटेवर मोठ्याने बोलत जायचं असतं, त्यामुळे भांडायला सोयच झाली. मी ओरडून विचारलं, मला का नाही सांगितलंस. तिनेही ओरडून उत्तर दिलं. "त्या दिशी सा वाजलं, सव्वासा वाजलं, आवाज न्हाई. म्हनून बघाय गेले. काचंवर गोल व्हता, दाबला, तर ते बोलले. मला वाटलं तूच तसं केलंयस. म्हनलं, आता ह्ये माज्याकडं दिलंय पोरीनं."

"मी कशाला देऊ? बिबट्याच्या तोंडी?"

"आता मला काय ठावं तुजं कंपूटरचं," ती म्हणाली, आणि काठी जोरात आपटली.

माझी चूक म्हणजे आपल्यावर सोपवलेलं काम, असं ती धरून चालली होती. घरी आल्यावर मला रडू आलं. राग, भीती, सगळं एकदम. ती शांतपणे चहा टाकत होती. डोळे पुसून मी म्हटलं, तो तुकडा तुझ्या फोनवर घालून देते, घरात बसून हवा तितक्यांदा ऐक, पण उसात पाऊल टाकायचं नाही.

"नगं," ती म्हणाली.

"का?"

"घरात कशाला म्हनतील ते, आलोच?" तिने गॅस बारीक केला. "आलेला मानूस आसं म्हनत न्हाई."

मी कपबशा काढल्या. दोघींनी चहा घेतला. बाहेर उसात आण्णा अधूनमधून बोलत होते.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात चुलत्यांना बरोबर घेऊन मी खोलीवर गेले. रोज पहाटे पान उघडायची सोय काढून टाकली. मेमरी भरू नये म्हणून एका वेळी दहाच तुकडे उचलायचे आणि वाजले की टाकून द्यायचे, असं केलं. हे मी आधीच करायला हवं होतं, पण त्याला मेहनत होती आणि नुसतं पान उघडण्याला एक ओळ पुरत होती. स्पीकर पत्र्यावर चढवून त्याचं तोंड घराकडे वळवलं. मग शेवटचं एकदा काचेला बोट लावलं, मोटारीचं बटण बाहेरच्या भिंतीवर काढून घेतलं आणि दाराला नवं कुलूप घातलं, त्याची चावी पुण्याला नेली. आईला हे सांगितलं तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी तुटक बोलली.

आता सहाला आवाज आपोआप सुरू होतो. बाकीचे तुकडे उलटसुलट वाजतात, पण सव्वासहाला सतरा नंबर, रोज, न चुकता. बिबट्या त्याला सरावेल हे मला कळतं. आण्णा असते तर त्यांनी मला त्यावरून बोलून दाखवलं असतं. तसल्या फोनचं नाव मीच केलेल्या जुन्या फोनांच्या यादीत केव्हाच चढलंय, त्याला सपोर्ट नाही. शेतातल्या फोनसाठी मी एकटी रविवारी बसून तो देते.

स्पर्शापुढचा 'खोटा' शिक्का मी त्याच दिवशी काढला. रोज संध्याकाळी ऑफिसात अहवाल येतो तेव्हा मी आधी तो रकाना बघते. तो रिकामा असला की आई घरी आहे. तरी मी तिला फोन लावते, आणि काय करतेस म्हणून विचारते. पलीकडे पातेल्यात काहीतरी उकळत असतं.

"च्या ठिवलाय," ती सांगते. "आत्ताच आवाज दिला न्हवं का त्यांनी."